माझी आजी मागावर गात नव्हती

"आजी, तुम्ही काही बोलू नका. फक्त रहाट फिरवा आणि हसा."

मॅडम असं म्हणाल्या आणि आजीच्या डोक्यावरचा पदर दोन बोटांनी पुढे ओढला. विचारलं नाही. आजीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान वळवली.

नागपुरात धरमपेठेतलं हातमागाच्या साड्यांचं दुकान. तिथे मी दोन वर्षं साड्या दाखवायचं काम केलं. त्या दिवशी नव्या दालनाचं उद्घाटन होतं. माझी आजी कोष्ट्याची लेक, तिनं स्वतः माग चालवला आहे, हे मीच दुकानाच्या मालकिणीला, मॅडमना, कौतुकानं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "घेऊन ये ना तिला." मला वाटलं, मान मिळेल. खुर्ची मिळेल.

तिला जमिनीवर गादी टाकून, पुढ्यात सूत गुंडाळायचा रहाट ठेवून बसवलं. आजी तिची ठेवणीतली गुलाबी साडी नेसून आली होती. "ही सिंथेटिक फोटोत वाईट दिसेल," मॅडम म्हणाल्या. गोदामात, खोक्यांच्या आड उभं राहून आजीनं साडी सोडली आणि भाड्यानं आणलेलं नऊवारी लुगडं ती नेसली. नाकात चापाची नथ. आजीनं आयुष्यात नथ घातली नव्हती.

पाहुणे आले. मॅडमनी माईक घेतला. "या आजी लहानपणी मागावर बसून ओव्या गायच्या. यांच्या प्रत्येक धाग्यात एक गाणं आहे."

टाळ्या पडल्या.

आजी साध्या आवाजात म्हणाली, "नाही जी. मी कधी गायली नाही. बोलाले बी फुरसत नव्हती."

मॅडम हसल्या. "वय झालंय. विसरतात." पाहुणेही हसले. मी साड्यांच्या घड्या सारख्या करत राहिले.

आजी काहीही विसरलेली नाही.

उमरेडजवळच्या एका खेड्यात ती जन्मली. पाच बहिणींत थोरली. सातव्या वर्षापासून कांड्या भरायची. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची गुंडाळी. बाप विणायचा, ही भरायची. भरणाऱ्या हाताला कुणी काम म्हणत नसे. ऊन चढायच्या आत तिची माय गल्लीत ताणा, म्हणजे मागाचे उभे धागे, पसरून त्याला खळ लावायची. तान्हं पोर मागाच्या लाकडाला बांधलेल्या झोळीत. ते रडलं तरी खळ वाळायच्या आत ब्रश फिरलाच पाहिजे. आजीची एक बहीण त्या झोळीतच तापानं गेली. मायनं दुपारी तिला मसणात पोचवलं आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा गल्लीत ताणा पसरला. आजी हे सांगते तेव्हा रडत नाही. नुसती बोटं चोळते.

शाळा घराच्या मागेच होती. खिडकीतून पाढे ऐकू यायचे. रहाट फिरवता फिरवता ती तीसपर्यंत पाढे शिकली. अक्षर मात्र ऐकून शिकता येत नाही. ते राहिलं.

बापाला खोकल्यानं धरलं तेव्हा ती बारा वर्षांची होती. मागावर बसली. पाय खाली दाबायच्या पावड्यांना पुरेनात, म्हणून बापानं पावड्यांवर लाकडाचे ठोकळे बांधून दिले. तिनं रेशमी काठाची लुगडी विणली. अंगावर दोन फाटक्या लुगड्यांना दांड घालून केलेलं एक. लग्न होऊन नागपूरला आली, तर इथेही माग. मग तो बंद पडला. आजोबा हमालीला लागले. आजीनं एका वसतिगृहात बावीस वर्षं पोळ्या लाटल्या. चार लेकरं वाढवली. माझी फी तिनंच भरली.

या सगळ्यात गाणं कुठे होतं?

त्या दिवशी दालनात बसून तिला तास झाला असेल. आजीनं मला खुणेनं बोलावलं. "मले लघवीले जा लागते वं."

तिला शुगर आहे. तिला थांबता येत नाही, हे मला माहीत होतं. मी मॅडमना सांगितलं.

"आत्ता? फोटो चाललेत. आणि आतलं टॉयलेट कस्टमरचं आहे, तुला माहितेय. दहा मिनिटं थांबव. मग बाहेर ने."

बाहेर म्हणजे बाजारामागच्या सार्वजनिक संडासात. मी दोन वर्षं तिथेच जात होते. सगळ्याच मुली जात होत्या.

मी आजीला म्हटलं, "थोडं थांब." हे मी म्हटलं. माझ्या तोंडानं.

ती थांबली. रहाट फिरवत राहिली. हसत राहिली, कारण हसायला सांगितलं होतं. मग रहाट थांबला. एक बाई तिच्याशेजारी वाकून फोटो काढत होती, ती झटकन मागे सरकली. गादी ओली झाली होती.

मॅडम माझ्या कानाशी आल्या. "शी. गादी गेली. हिला मागच्या दारानं ने. पाहुण्यांसमोरून नको."

आजी पदरानं फरशी पुसायला लागली. भाड्याच्या लुगड्याच्या पदरानं. तोंडानं म्हणत होती, "माफ करा जी, माफ करा."

ते मला सहन झालं नाही. आजवर सगळं झालं होतं. हे झालं नाही.

मी तिच्या हातातून पदर सोडवला. "मागून नाही," मी म्हटलं. तिला उठवलं. पाहुण्यांच्या मधून, एकेक पाऊल टाकत, कस्टमरच्या टॉयलेटमध्ये नेलं. आत कोमट पाणी होतं, पांढरे टॉवेल होते. मी ते पहिल्यांदाच पाहत होते. तिला धुतलं, पुसलं. माझ्याबरोबर काम करणारी एक मुलगी न सांगता गोदामातून गुलाबी साडी घेऊन आली.

बाहेर येऊन मी उभी राहिले. म्हटलं, "ही ओव्या गात नव्हती. सात वर्षांची असल्यापासून कांड्या भरत होती. आणि आत्ता ती लघवीला जायचं म्हणत होती, तर तिला जाऊ दिलं नाही. मीच तिला थांब म्हटलं."

मॅडम म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस."

मी आजीला ऑटोत बसवलं. मग तिनं विचारलं, "तू दोन वर्सं कुठं जात होती वं?"

मी सांगितलं.

"अन् पाळीत?"

"पाणी कमी प्यायचे."

ती बाहेर पाहत राहिली. "वसतिगृहात मी बी हेच केलं. मले वाटलं, तू शिकली, तुले नाही करा लागणार."

याहून मोठी चपराक मला कुणी मारलेली नाही.

मॅडमचा नंतर फोन आला. सणाचे दिवस आहेत, झालं ते विसर, परत ये. मी विसरणार नाही. दुकानातल्या दोन मुली माझ्याबरोबर आल्या आणि कामावरच्या मुलींना दुकानातला संडास वापरू देत नाहीत, अशी आम्ही कामगार कार्यालयात लेखी तक्रार दिली. टेबलामागचा माणूस अर्ज वाचून हसला. "एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच," मी म्हटलं.

त्यानं पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितलं. मग त्याच्या पुढच्या. मी जाते. आजी म्हणते, "काहून भांडत बसते, दुसरं काम पाह." दुसरं काम मिळालं आहे. तरी सुट्टी काढून मी तिथे जाते, आणि निकाल लागेपर्यंत जाणार आहे. अर्जाखाली आता पाच सह्या आहेत.