विहाराच्या लॉनवरचे खड्डे

कमलाआत्या एका जागी बसलेली दिसली तर समजावं, कुणाचं तरी ब्लडप्रेशर मोजतेय. बाकी वेळ ती चालत असते. निवृत्त आरोग्यसेविका, पण निवृत्तीची बातमी तिच्या पायांपर्यंत पोचलेली नाही. रत्नागिरीजवळच्या सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारावरच्या आमच्या बौद्धवाडीत ती सगळ्यांचीच आत्या.

ती लहान असताना तिचे वडील मुंबईत, चेंबूरच्या एका गोल्फ क्लबात माळी होते. त्यांचा डबा पोचवता पोचवता आत्या तिथल्या पोरांबरोबर साहेबांच्या बॅगा उचलायला लागली, मग कुणीतरी टाकून दिलेल्या स्टिकने चेंडू मारायला. बॅगा उचलणाऱ्यांच्या गोल्फ स्पर्धेत उतरलेली पहिली मुलगी तीच. जिंकलीही. हरलेल्यांनी म्हणे नियम तपासले. 'मुलगी चालणार नाही' असं लिहायचं राहून गेलं होतं.

आता ती वाडीतल्या मुलींना गोल्फ शिकवते, कातळावर. चेंडूखाली काथ्याचं पायपुसणं ठेवायचं आणि मारायचं. गुरं मध्ये आली तर आपण थांबायचं, कारण नियम त्यांना माहीत नसतात.

पुण्याची गोल्फची निवड चाचणी तोंडावर आली तेव्हा रसिकाने बॅग भरता भरता विचारलं, "आत्या, पायपुसणं आपलं न्यायचं की तिथे देतात?"

आत्याचा चेहरा उतरला. नववीतली रसिका तिची सगळ्यात तयार मुलगी. पण गवतावरून तिने एकही चेंडू मारला नव्हता. गवतावर चेंडूला लागून स्टिक मातीत शिरावी लागते. कातळावर तसं केलं तर मनगटच जायचं, म्हणून रसिका शेवटच्या क्षणी हात वर घ्यायची. ही सवय आत्यानेच लावलेली.

वाडीत हिरवळ एकच, विहारासमोरची. वाडीच्या मंडळाच्या मुंबई शाखेने, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या वाडीकरांनी लावलेली, 'पाय ठेवू नये' या पाटीसकट. आत्या थेट गावशाखेच्या अध्यक्षांच्या, राजारामदादांच्या पडवीत.

"दादा, चार सकाळी लॉन दे. रसिकासाठी."

"खड्डे पाडायला? पौर्णिमेला मुंबईकर यायचेत, बाय."

"बुद्धाला खड्ड्यांचा राग येणार हाय?"

"बुद्धाला नाय. प्रज्ञेशला येईल."

प्रज्ञेश म्हणजे मुंबई शाखेचा सचिव. दादांनी विचारल्यावर त्याचं उत्तर आलं, विषय पुढच्या सभेत घेऊ. सभा चाचणीनंतर.

पहाटे गुपचूप जा की, मी सुचवलं. आत्या उसळली, "न दिलेलं घेणार नाही, हे पंचशीलातलं शील दर रविवारी तुमच्याकडून कोण वदवून घेतं रे? तू झोपलेला असतोस काय तेव्हा?"

असतो, हे मी बोललो नाही.

ती विहाराभोवती नुसती घिरट्या घालत राहिली. रविवारी वंदना झाली, आणि लोक उठायच्या आत ती उभी राहिली. "मला दान हवंय. हे गवत. चार सकाळींपुरतं."

मग मागून सगुणाकाकी म्हणाल्या, "लावलं मुंबईनं, पण उन्हाळाभर हंडे कुणी ओतले? आमच्या वाटणीचं दिलं, जा!" बायकांचे हात वर गेले.

"आणि मुंबईला काय सांगू?" राजारामदादा.

"सांग, कमलानं खणलं."

सोमवारी रसिका लॉनवर उभी राहिली आणि पुन्हा हात वर. चेंडू फूटभर गेला. "बुद्धासमोर कसं खणू, आत्या?"

आत्याने मूर्तीला वंदन केलं, स्टिक घेतली आणि भाकरीएवढा पहिला तुकडा स्वतः उडवला. राजारामदादा "अगो!" म्हणत घरात गेले. मग रसिकाने मारला. चार सकाळींत लॉन चाई लागलेल्या डोक्यासारखं झालं.

पुण्यात पहिल्याच फटक्याला माती उडाली, चेंडू उंच गेला. पुढच्या फेरीच्या यादीत रसिकाचं नाव लागलं, शेवटून दुसरं.

परतीच्या एसटीत प्रज्ञेशचा फोन. लॉनचा फोटो त्याच्यापर्यंत पोचला होता.

"आत्या, काय केलंत हे? सगळे येतायत!"

"येऊ देत. पौर्णिमेला समोर उभा राहून रागव, मी ऐकून घेईन. पोरगी निवडली गेली, तेही सांग सगळ्यांना."

फोन ठेवून तिने पेंगणाऱ्या रसिकाला हलवलं.

"उठ गो. मैदानात ते वाळूचे खड्डे बघितलेस ना? पुढच्या फेरीत त्यात चेंडू पडला तर? उद्या सकाळी आरे-वारेच्या किनाऱ्यावर. समुद्र उशाशी, आणि वाळू शिकवायचीच राहिली माझी!"