यारीवाल्या आबांचा उजवा पाय

यारीवाले आबा यारीवर कधी चप्पल घालून बसले नाहीत. उन्हाळ्यात ते लोखंड असं तापायचं की पाणी सांडलं तर चर्र वाजायचं, तरी उजवा पाय उघडाच ब्रेकवर. तळवा काळा पडलेला, टाचेला बोट जाईल एवढ्या भेगा. कोणी हटकलं तर म्हणायचे, "चामड्याला काय कळतंय? वजन पायाला कळतंय."

यारी म्हणजे विहीर खोदताना खालचा दगड आणि मुरूम वर काढायचं यंत्र. काठावर लोखंडी सांगाडा, इंजीन, तारेचा दोर आणि दोराला टांगलेली मोठी बकेट. माणसंही त्याच बकेटीतून खाली जायची. वर बसलेल्याचा पाय चुकला की बकेट तळाला आदळणार, आत माणूस असला तरी. आबा माझे थोरले दीर. माझा नवरा त्यांचा धाकटा भाऊ, तो खाली सुरुंगाची भोकं पाडायचा. म्हणजे माझं कुंकू रोज आबांच्या पायाखाली असायचं.

त्यांचा एक नेम होता. बकेटीत चढणाऱ्यानं आधी विचारायचं, "आबा, हाय का?" आबांनी "हाय" म्हटलं की मगच आत पाय ठेवायचा. एकदा एक जण नुसता शिट्टी मारून खालून वर यायला निघाला. म्हणाला, एवढं मोठं माणूस वर बसलेलं दिसतंय, मग इचारायचं कशाला? आबांनी त्याला जेवणाची वेळ टळेपर्यंत खालीच ठेवला. वर आल्यावर एवढंच बोलले, "दिसणं येगळं आन असणं येगळं बे."

यारी त्यांची नव्हती. गावातल्या खोदकामवाल्यांनी मिळून मजूर सोसायटी काढली होती, यारी त्या सोसायटीची. दुष्काळ पडला की इतरांची कामं बसायची आणि आमची उठायची, कारण जो तो विहीर खोल करायला धावायचा. "लोकांची तहान हेच आपलं पीक," असं आबा म्हणायचे. आणि लगेच, "पाप हाय, पण पोट हाय."

वर्षानुवर्षं इंजिनाचे हादरे खाऊन त्यांचा मणका गेला. आधी कंबर धरली, मग पाय ओढायला लागले, मग एका सकाळी बाजेवरून उठताच येईना. औरंगाबादला मोठ्या दवाखान्यात नेलं. पाठ उघडून नस मोकळी केली, मणक्यात स्क्रू घातले. घरी आणले ते आडवेच. त्यांची बायको आधीच वारलेली, त्यामुळे खाणंपिणं, औषधपाणी माझ्याकडे आलं. कूस बदलायला माझा नवरा.

थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायची आमच्यात रीत नव्हती. मी डोक्यावर पदर ओढून भिंतीशी बोलायचे. "भिंते, भाकरी देऊ का इचार." आबाही भिंतीलाच सांगायचे, "तिला म्हणावं, कालच्या पिठल्यात मीठ न्हवतं." त्या भिंतीनं आमच्या दोघांच्या शिव्या खाल्ल्या.

डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला नीट बसवून सांगितलं होतं. चालायला लागतील, पण पायाची जाणीव कधी येईल सांगता येत नाही, कदाचित येणारही नाही. हे बोलणं गावात पोचेपर्यंत त्यातलं "चालायला लागतील" एवढंच उरलं. माझ्या नवऱ्यानंही तेवढंच धरून ठेवलं. माणूस आपल्याला हवं तेवढंच ऐकतो.

त्यातच गावच्या पिण्याच्या पाण्याची विहीर अर्धी राहिलेली. काम सोसायटीचंच. दुसऱ्या कोणाच्या पायावर उतरायला खालची माणसं तयार नव्हती. टँकर यायचा, त्याच्यामागे बायका घागरी घेऊन पळायच्या, आणि मी दिसले की टोमणा ठेवलेला. "तुझा दीर बाजेवर लोळतोय, आन आमच्या डोक्याचे केस गेले घागरीनं." सोसायटीचा चेअरमन रोज सकाळी येऊन बसायचा. "आबा, बसूनच तर काम हाय. हितं बाजेवर बसता, तितं यारीवर बसा."

आबा काठी घेऊन उठले, मग काठी सोडून चालायला लागले. एक दिवस नवस फेडायला कपिलधारला चालत गेले. अनवाणी. आमच्या गावाहून ते लांब नाही, पण मणक्यात लोखंड घातलेल्या माणसाला ते लांबच. परत आले तेव्हा पारावर सगळ्यांनी ठरवूनच टाकलं, आता काय राहिलं? आखितीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, नारळ फोडायचा आणि आबांनी यारीवर बसायचं. आबा हसले. आजारी पडल्यापासून मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी घर सारवलं होतं. आबा बाजेवरून उठून मोरीपर्यंत गेले आणि माझ्या ओल्या सारवणावर लाल ठिपके उमटले. एका आड एक. फक्त उजव्या पायाचे.

मी पदर नीट केला नाही की भिंत शोधली नाही. "आबा, पाय बगू."

ते दचकलेच. बाजेवर बसवून मी पाय उलटा केला. बाभळीचा काटा आत जाऊन मोडलेला, भोवती मांस सुजून लाल झालेलं. सुईनं उकरून चिमट्यानं ओढला. दुसरा कोणी असता तर ओरडून घर डोक्यावर घेतलं असतं. आबा माझ्या तोंडाकडे पाहत होते. म्हणाले, "निगाला का?"

"निगाला. तुमाला कळलं न्हाई?"

"डाव्याला कळतंय."

"ब्रेक उजव्याला हाय."

मी म्हटलं, "खाली तुमचा भाऊ असतो. माझा नवरा."

"म्हाईत हाय. मीच सोडतो त्याला." मग हळूच म्हणाले, "गावात सांगू नको."

"तुमी न्हाई सांगितलं तर मी सांगणार."

"कावून?"

"इधवा व्हायची हौस न्हाई मला."

आखितीला सगळे विहिरीवर जमले. चेअरमननं नारळ फोडला, इंजिनाला कुंकू लावलं. आबा येऊन यारीवर बसले. उजवा पाय उघडा. मी पूजेचं ताट धरून उभी, आणि मनात ठरवलेलं, यांनी "हाय" म्हटलं की ताट फेकून ओरडायचं. माझा नवरा बकेटीपाशी गेला. "आबा, हाय का?"

आबा बोलले नाहीत.

"आवो, म्हणा की," चेअरमन म्हणाला.

"सर बाजूला," आबा भावाला म्हणाले. "बकेटीत दगड भर."

माणसं एकमेकांकडे पाहायला लागली, पण दगड भरले. "आता इचार," आबा म्हणाले. माझ्या नवऱ्याला लाज वाटत होती. तरी त्यानं विचारलं, "आबा, हाय का?"

"हाय."

बकेट काठावरून सुटली. दोर सरसर उतरायला लागला. आबांचं तोंड शांत होतं, हातातलं काम हातात असलं की असायचं तसं. दोराचा वेग वाढला तरी शांतच. मग खाली धडाड आवाज झाला. आवाज वर येऊन डोंगराला लागला आणि परत आला. बायका मागे सरल्या.

आबांनी खाली वाकून आपल्या पायाकडे पाहिलं. आम्हीही पाहिलं. पाय ब्रेकच्या शेजारी, नुसत्या लोखंडावर होता, आणि तिथं सगळा जोर लावून दाबलेला होता. पोटरीच्या शिरा वर आल्या होत्या.

चेअरमन सावरून म्हणाला, "पयलाच दिस हाय. सवय मोडली. व्हईल हळूहळू."

"किती माणसं आदळल्यावर?" आबांनी विचारलं.

इंजीन बंद करून ते खाली उतरले आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तुझी चप्पल दे बे." ती पायात अडकवून घरी गेले. त्यानंतर यारीला त्यांनी हात लावला नाही.

गावानं त्यांचं कौतुक वगैरे काही केलं नाही. काम रखडलं म्हणून शिव्याच घातल्या. सोसायटीनं सिरसाळ्याकडून दुसरा माणूस आणला. त्याच्या पायावर काही उतरले, काही सोसायटी सोडून गेले. माझा नवरा उतरला नाही. खडी फोडायला गेला आणि "बसले असते तर जमलं असतं" म्हणत भावाशी अख्खा उन्हाळा बोलला नाही. ती विहीर पुरी झाली, पण पाणी लागलं ते घागर बुडण्यापुरतं.

आबा मग घरीच राहिले. घरातही चप्पल. दिवेलागणीला उजवा पाय पुढे करायचे आणि म्हणायचे, "बग गं, काय लागलंय का." मी तळवा उलटून पाहायचे. कधी चपलेतून वर आलेला खिळा, कधी आत शिरलेली काच, कधी चुलीजवळ बसून आलेला फोड. भिंतीची गरज आम्हाला पुन्हा पडली नाही. असाच एक फोड चिघळला, औषधाला दाद देईना, काळं वर चढत गेलं. त्या पायानंच त्यांना नेलं.

अंगणात शेवटची आंघोळ घातली तेव्हा पाय मी धुतले. धुताधुता सवयीनं उजवा तळवा उलटून पाहिला.

माझा नवरा डोळे पुसत म्हणाला, "आता काय बगतीस?"

मी म्हटलं, "तुमी जित्ते हाव न्हवं? मग गप उबं ऱ्हावा."