अक्काच्या काचेखालचं पाणी

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबाजोगाईत वर्गावर होतो. "छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंतसुद्धा..." दाजींना पुढं बोलवेना. काही आठवडे झाले, तरी माझी ही थोरली बहीण एका जागी शांत पडली, हे अजून पटत नाही.

शिरूरकडच्या त्यांच्या गावात बोअरला पाणी होतं, पण खारं. दुष्काळात टँकर कधी यायचा, कधी नाही. दाजींना मुतखड्यानं गाठलं आणि अक्काचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. कुठल्याशा शेतकी मेळाव्यात तिनं उन्हावर पाणी गोडं करणारी पेटी पाहिली होती. बायकांच्या दूध संस्थेची ती अध्यक्ष. सभेत भांडून तिनं संस्थेच्या गच्चीवर तशा पेट्या मांडायला लावल्या. काळ्या पत्र्यात खारं पाणी तापायचं, वाफ वरच्या तिरक्या काचेला थेंब होऊन लागायची आणि ओघळून नळीवाटे घागरीत उतरायची. मीठ खाली. पहिला घोट घेऊन दाजी म्हणाले, "ह्याला तर चवच न्हाई."

"चव पायजे का दुखणं कमी पायजे?" म्हणत ती पुन्हा जिना चढली. काच पूस, फट बुजव, खाली ये, परत वर जा... दिवसभर हेच.

पाणी निघायचं ते मोजक्या घरांना पिण्यापुरतं. एका उन्हाळ्यात शेजारची सुमन ऊसतोडीवरून परतली, दिवस भरत आलेले, पाय सुजलेले. डॉक्टरांनी खारं पाणी बंद करायला सांगितलेलं. नेमकं तेव्हाच दाजींचं दुखणं उसळलं. मी तिथंच होतो. अक्कानं आपल्या वाट्याची घागर सुमनकडं न्यायला उचलली.

"अगं, दाजी कण्हतायत."

"मला ऐकू येतंय. काहून सांगतोस?"

उंबऱ्यापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. शेवटी दाजीच म्हणाले, "दे त्या पोरीला. तिला लई गरज हाय."

सुमन सुखरूप बाळंत झाली. दाजींचं मात्र ऑपरेशन करावं लागलं. ते बरे झाले, अक्का नाही झाली. "ते पाणी दिलं असतं तर टळलं असतं का रे?" वर्षानुवर्षं विचारायची.

परवा गावी गेलो. आभाळ भरून आलेलं, गाव खुशीत. गच्चीवर गेलो तर ऊन नसल्यानं काचांना थेंब नाही. अशा दिवशी अक्का ढगांवरच ओरडायची, आणि दाजी तिला हसायचे. आता तेच तिथं उभे होते, हातात फडकं, मान वर...

"पाऊस तरी पाड," ते ओरडले, "न्हाई तर ऊन तरी सोड!"