कूलरची चप्पल

आमच्या घरात कूलरला स्वतःची चप्पल होती. निळी, रबरी, कूलरच्या पायाशी कायम ठेवलेली. बटण दाबायचं असो की पाणी भरायचं, आधी ती पायात सरकवायची आणि मगच हात लावायचा. पाहुणा आला की चहाच्या आधी मी सांगायची, "बसा आरामात, फक्त कूलरला अनवाणी हात लावू नका बरं का." पाहुणाही मान डोलवायचा, कारण त्याच्याही घरी हीच रीत असायची. लोखंडी पत्रा, त्यात पाणी, म्हणजे तो झिणझिण्या आणणारच, असा सगळ्या गल्लीचा समज होता. ऊन तापतं तसा कूलर झटका देतो, त्यात काय एवढं!

घर सासऱ्यांनी बांधलेलं आणि वायरिंगही त्यांच्याच काळातलं. मधे एकदा आमच्या ह्यांनी क्रांती चौकातून पिशवी भरून सामान आणलं, दोन भोकांची जुनी सॉकेटं काढून तीन भोकांची बसवली आणि छाती फुगवून जाहीर केलं, "आता घर एकदम सेफ!" मी विचारलं, "मग चप्पल उचलू का?" तर म्हणाले, "असू दे की, चप्पल कुठं खायला मागती!" तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती.

गेल्या उन्हाळ्यात लेक महिनाभरासाठी पुण्याहून आली, कडेवर आमची नात घेऊन. नात नुकती रांगायला लागलेली. अहाहा, काय सांगू! दोन माणसांचं आमचं सुस्त घर, हे पेपरात आणि मी स्वयंपाकघरात, ते एकदम जागं झालं. हे गडी सकाळपासून गुडघ्यांवर. ती पुढं, हे मागं, आणि मधे मधे "आई गं, कंबर!" जन्मात कधी मला चहा करून न देणारा माणूस पोरीच्या दुधाची वाटी विसळायला लागला.

आणि त्या पोरीला अख्ख्या घरात एकच गोष्ट आवडली. कूलर! खालून पाणी ठिबकायचं, गार वारा यायचा, घूंऽऽ आवाज व्हायचा. दुसऱ्याच दिवशी दुपारी ती तुरूतुरू तिकडं निघाली. माझ्या हातात लाटणं, हे डुलकीत. लेकीनं झेप घेतली आणि पोरीचा पाय धरून मागं ओढली. ओला तळवा पत्र्यापासून वीतभरावर होता.

पोर खिदळली. तिला वाटलं खेळ चाललाय. लेक मात्र पांढरीफटक पडली आणि तशीच जमिनीवर बसून राहिली.

"आई, हिला कुठली चप्पल घालू गं?"

ह्यांनी डोळे चोळत सुचवलं, "छोट्या साइजची मिळती की."

"दोन जोड लागतील पप्पा. ती चार पायांवर चालते."

मला फस्सकन हसू आलं, पण लेक हसली नाही. कूलर बंद ठेवावा तर त्या उकाड्यात पोरीच्या अंगभर घामोळ्या उठायच्या. फ्रीजचं दारही अधूनमधून चावायचंच. ती शांतपणे म्हणाली, "शनिवारपर्यंत नीट झालं तर राहते. नाय तर रविवारी मी परत जाते." वर्षभर ज्या दिवसांची वाट बघितली, ते एका पत्र्याच्या डब्यापायी जाणार!

इलेक्ट्रिशियन आला तो सिल्लोडकडचा, तोंडाची टकळी अखंड चालू. त्यानं पहिलाच बोर्ड उघडला आणि आत बॅटरी मारली. मग म्हणाला, "काकू, हे तिसरं भोक नुसतं दिखाव्याचं आहे. मागं वायरच नाय." मी ह्यांच्याकडं बघितलं. हे पंख्याकडं बघत होते.

"पत्र्यावर करंट उतरला तर त्याला जमिनीत जायला रस्ता लागतो," तो सांगायला लागला. "तुमच्याकडं रस्ताच नाय. मग जो हात लावील त्याच्या अंगातून जातो." एवढं बोलून स्वतःच हसला. "आमच्या घरी पण चप्पल आहे, काकू. लाल. तुमचं झालं की आमचंच काम काढतो."

अंगणात खड्डा घ्यायला सुरुवात झाली. वर माती कमी आणि खाली नुसता मुरूम, पहार मारली की ठण्ण वाजायची. त्यात पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि खडेमीठ. मिठाची पिशवी मागितली तेव्हा मी विचारलं, "घराची दृष्ट काढतो का रे?" तर म्हणे, "तसंच समजा, मोहरी तेवढी राहू द्या." तिथून हिरवी वायर घरातल्या प्रत्येक बोर्डापर्यंत नेली. सगळं झाल्यावर त्यानं तपासायला एक बल्ब लावला, एक टोक करंटला आणि दुसरं त्या नव्या वायरीला. बल्ब देवघरातल्या निरांजनाएवढा मिणमिणला.

"जमीन लई कोरडी आहे. पाणी पाहिजे. आता भरपूर टाका, पुढं उन्हाळाभर रोज बादली-दोन बादल्या. मी शनिवारी येऊन बघतो, तोवर ही वायर पाइपापासून सुटीच ठेवतो."

"पाणी? खड्ड्यात?" माझा आवाज शेजारी गेला असणार. आमच्या शहरात नळाला पाणी येतं तो दिवस सणाचा. ड्रम, हंडे, कळश्या, घरातला कुकरसुद्धा त्या दिवशी भरून ठेवते मी. तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीला, कपडे विसळलेलं फरशीला. ह्यांनी आंघोळीला चौथा तांब्या घेतला तर मी बाहेरून दार वाजवते. आणि हा शहाणा म्हणतो, मातीला पाजा! मी कुरकुरत फरशी पुसलेलं अर्धी बादली पाणी ओतलं. मुरमानं ते एका घोटात गिळलं. आत लेक बॅग उघडून लंगोटांच्या घड्या घालत होती. एकेक घडी मला दिसत होती आणि माझा जीव तुटत होता, पण हात काही ड्रमकडं जाईना. सवय मेली!

दुसऱ्या दिवशी सकाळी नातीला न्हाऊ घालायला बसले. इथं मात्र माझा हात कधी आखडलेला नाही. लेकराच्या आंघोळीत पाण्याचा हिशोब करते ती कसली आजी! तेल चोळून पोरीला पायांवर पालथं घातलं, कोमट पाण्याचे तांब्यावर तांबे ओतले, आणि सहज नजर गेली. सगळं पाणी मोरीच्या तोंडानं गटारीत पळत होतं.

"अगं बाई! अहो, ऐकलं का? खुरपं घ्या, खुरपं!"

पोर तशीच टॉवेलात गुंडाळून लेकीच्या हातात दिली, पाट उचलला आणि अंगणात खड्ड्याच्या वरच्या अंगाला मांडला. ह्यांनी खुरप्यानं खड्ड्यापर्यंत चर ओढला. मी पुन्हा पाय पसरून बसले, पोर पुन्हा पायांवर, आणि ओतलं, ओतलं, मनसोक्त ओतलं! साबणाचा फेस चरातून नाचत गेला. पोर टाळ्या पिटत होती, हे "अजून, अजून" म्हणत बादल्या आणत होते, आणि ड्रम रिकामा होतोय हे मला दिसत असूनही, खरं सांगते, मी खदाखदा हसत होते. शेवटचा तांब्या पोरीवरून ओवाळला आणि तोही खड्ड्यातच रिता केला. मग सकाळ-संध्याकाळ तिथंच आंघोळ.

शनिवारी तो आला. आम्ही सगळे बल्बभोवती उभे. त्यानं वायर टेकवली आणि बल्ब भक्कन पेटला. लेक लहानपणी ओरडायची तशी ओरडली, "लागलाऽऽ!" मग त्यानं कूलरच्या पंपाची कुरतडलेली वायर बदलली, मीटरजवळ ट्रिप होणारा स्विच बसवला आणि त्यावरचं बटण दाबून दाखवलं. सगळं घर एकदम बंद.

"गेली का लाइट?" हे दचकले.

"जायलाच पाहिजे, काका. जरासा करंट गळला तरी अशीच जाणार."

सगळं पुन्हा तपासून झाल्यावर त्यानं मान हलवली. लेक कूलरपाशी गेली. निळी चप्पल तिथंच होती. तिनं ती पायानं बाजूला सारली आणि अनवाणी उभी राहून पूर्ण तळवा पत्र्यावर ठेवला. या घरात जन्मली, इथंच वाढली, आणि असा हात तिनं पहिल्यांदा ठेवला. तेवढ्यात खालून तुरूतुरू आली आमची सरकार, आणि दोन्ही तळव्यांनी धपाधप कूलर बडवायला लागली. लेकीनं तिला बडवू दिलं. मग आत जाऊन बॅगेतले लंगोट परत फळीवर रचले.

महिना संपला, त्या गेल्या. पाट अंगणात तसाच आहे. लेकीचा फोन येतो तेव्हा पडद्यावर पोर टाळ्या पिटत असते आणि लेकीचा पहिला सवाल ठरलेला, "आई, खड्ड्याला पाणी घातलं का?" ड्रम तळाला गेलेला असतो, नळाचा पत्ता नसतो, ह्यांना अजूनही तीनच तांबे मिळतात.

"घातलं गं बाई," मी सांगते, "सकाळीच न्हाऊ घातलं त्याला."