आत्यानं फोडलेला ओटा

सकाळी अंगण झाडत होते तेव्हा गजाननचा फोन आला. गजानन म्हणजे सानगडीचा माझा आतेभाऊ. एरवी त्याचा फोन आधी पावसाची चौकशी करतो, मग धानाची, आणि मग कधीतरी मुद्द्यावर येतो. त्या दिवशी त्यानं काहीच विचारलं नाही. "माय गेली वं ताई... झोपेतच गेली," एवढंच म्हणाला. आईला कसं सांगावं याची जुळवाजुळव करत मी आत गेले, तर तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहून विचारलं, "बाई?" आई आपल्या नणंदेला आयुष्यभर बाईच म्हणत आली. मी मान हलवली. गॅस बंद करून आई बाहेर आली आणि आंब्याखालच्या खुर्चीवर बसली. बुंध्याकडे बघत म्हणाली, "हे झाड बाईनं ठेवलं वं." त्याला आता महिना उलटून गेला. सानगडीला जाऊन आलो, तेरवी झाली, घर पुन्हा आपल्या चालीवर आलं. पण आईचं ते वाक्य काही डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसले.

मोठी आत्या बाबांहून बरीच मोठी. बाबांना तिनं कडेवर घेऊन वाढवलेलं, त्यामुळे ते केस पिकेपर्यंत तिच्यासाठी 'मधू'च राहिले. शहापूरला आमच्या घरी ती आली की फाटक उघडण्याआधी तिचा आवाज आत यायचा. हातात पिशवी, पिशवीत घरचे पोहे आणि दातांना लावायच्या गुडाखूची डबी. आम्ही पाण्याचा पेला घेऊन दारात उभे, आणि बाई तडक अंगणातल्या आंब्याकडे! झाड गावरान, आमच्या घरापेक्षा कितीतरी जुनं. घर बांधताना बाबांनी नकाशा बदलून घेतला होता, झाडाला हात लावू दिला नव्हता. आत्या त्याच्याभोवती एक फेरी मारायची, वर बघायची, बांडगूळ दिसलं तर तिथूनच ओरडायची, आणि बुंध्याशी साचलेला पालापाचोळा पायानं बाजूला सारत म्हणायची, "पाय दिसू दे रे बाप्पा, पाय दिसू दे." झाडाचे पाय म्हणजे खोड जिथं रुंद होत जमिनीत शिरतं ती जागा. तिच्या मते ती जागा उघडी, कोरडी पाहिजे. झाडाची तब्येत विचारून झाली की मग आमची. आईच्या भाजीत तिखट कमी, माझा चहा पाणचट, माझी नोकरी बँकेतली म्हणजे नुसती बसायची... सगळ्यांना तिच्याकडून काही ना काही ऐकावं लागे. गोड बोलणं फक्त झाडाच्या वाट्याला आलेलं. लहानपणी मला त्या आंब्याचा खरंच हेवा वाटायचा.

बाबा गेले त्यानंतरच्या उन्हाळ्यात आईनं आंब्याला ओटा बांधून घेतला. बाबा रोज संध्याकाळी तिथंच खाट टाकून बसायचे, तेव्हा त्यांची आठवण तिथंच असावी हे कुणालाही पटेल. मलाही पटलं होतं. विटांचं गोल कडं केलं, आत गुडघाभर माती भरली आणि वरून खोडापर्यंत सिमेंट करून पांढऱ्या टाइल्स बसवल्या. एका बाजूला बाबांच्या नावाची काळी पाटी. आमच्याकडे झाडाला मान द्यायचा म्हणजे ओटा बांधायचा, देवळाच्या पिंपळाला असतो तसा. आई रोज तिन्हीसांजेला तिथं दिवा लावी. शेजारच्या बायका येऊन बसत. इतक्या दिवसांनी आईला पुन्हा कुणाशी तरी हसताना मी त्या ओट्यावरच पाहिलं. त्या वर्षी आत्या आजारी होती. पुढेही दोन-तीन वर्षं दुखण्यामुळे तिचं येणं झालं नाही.

आमच्या भागातला पावसाळा ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. खाटेखालच्या चपलांना बुरशी येते, मिठाचं पाणी होतं, भिंती हिरव्या पडतात. झाडांना पाणी आवडतं हे खरं, पण साल ओलीच्या ओली राहिली की ती कुजते, हे आम्हाला कुठं माहीत! दोन-तीन पावसाळ्यांनंतर आंब्याचे शेंडे वाळायला लागले. खोडातून डिंक झिरपू लागला. आम्ही खत घातलं, ओट्यावरूनच बुंध्याशी बादल्या ओतल्या. म्हणजे बुडणाऱ्याला आणखी पाणी पाजलं.

त्या साली भाऊबीजेला आत्या आली. भाऊ राहिला नव्हता, पण भाऊबीजेला माहेरी यायची सवय कशी सुटावी? ओटा तिनं पहिल्यांदाच पाहिला. पाटीवरून हात फिरवला, डोळे पुसले. मग टाइल्सच्या कडेला जिथं खोड बाहेर येत होतं तिथं बोट टेकवलं. बोट सालीत रुतलं. तिनं ते नाकाशी नेलं आणि माझ्याकडे पाहून पहार मागितली, "सब्बल हाय का घरी?"

आई दारातच उभी होती. "कायले पायजे सब्बल?"

"ओटा फोडाचा हाय, सुमन. झाड मरून राहिलं."

आई पुढं आली. "बाई, तुमच्या भावाचं नाव हाय त्याच्यावर," ती म्हणाली, "आन् तुमीच फोडता?" आणि आत जाऊन तिनं खोलीचं दार लावून घेतलं. ताटं वाढलेली तशीच राहिली. आत्या दाराबाहेर जमिनीवर बसली आणि बंद दाराशी बोलू लागली. इतक्या हळू आवाजात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. तिच्या अंगणात एक फणस होता, त्याच्या ढोलीत साप बसेल म्हणून तिनं स्वतः उभं राहून ती ढोली गिट्टी-सिमेंटनं बुजवून घेतली होती. बाहेरून झाड गुळगुळीत दिसायचं, आतून पाणी झिरपत राहिलं. एका दुपारी, वारासुद्धा नसताना, फणस गोठ्यावर आडवा झाला. गाय चरायला गेली होती म्हणून वाचली. "मले कोनी सांगणारं नव्हतं, सुमन," आत्या म्हणाली. "तुले मी सांगून राहिली. मधू गेला तवा आपल्या हातात काही नव्हतं... हे झाड अजून आपल्या हातात हाय."

आत्या तिथंच बसून राहिली, न जेवता. खूप वेळानं दार उघडलं. आई मागच्या दारी गेली आणि सब्बल घेऊन आली, आत्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "पाटी सांभाळून काढा, बाई."

पाटी आधी निघाली, अखंड. ती आता तुळशीजवळच्या भिंतीत बसवली आहे. टाइल्स आणि सिमेंट फोडायला गडी लावला, पण खोडाजवळची माती आत्यानं कुणाला काढू दिली नाही. सालीला धक्का लागेल म्हणून ती स्वतः खुरपीनं आणि बोटांनी उकरत राहिली. आई शेजारी बसून घमेलं भरत होती. भरलेल्या मातीत झाडानं बिचाऱ्यानं नवी मुळं सोडली होती, ती खोडालाच वेढे घालून बसलेली. ती सोडवली. खालची साल काळी, ओली, वास मारणारी. मला वाटलं आता हळद नाहीतर डांबर काहीतरी लावतील. "काही लावू नोको," आत्या म्हणाली. "वारा लागू दे, ऊन लागू दे. त्याचं तो भरून काढते." वाळक्या फांद्या कोरड्या हवेत उतरवल्या. रस्त्याकडची मोठी फांदी मात्र वाचली नाही, ती जागा आजही उघडी दिसते. पुढच्या वर्षी झाडाला मोहर आला नाही आणि आई माझ्याशीसुद्धा तुटक बोलत होती. त्याच्या पुढच्या वर्षी तांबूस पालवी फुटली, तेव्हा आईनं आधी सानगडीला फोन लावला. दोघी काय बोलल्या ते कळलं नाही, नुसतं रडणं आणि हसणं ऐकू आलं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात लोणच्याच्या कैऱ्यांची पहिली पिशवी सानगडीला जायची.

यंदाच्या उन्हाळ्यात आत्या शेवटची आली. गुडघे गेले होते, पाय उचलवत नव्हता, म्हणून काठीनं पाचोळा सारत होती. माझ्या चहाला मात्र नावं ठेवायची विसरली नाही. मी तिला कधी 'तुझ्यामुळे' असं काही म्हटलं नाही. आमच्याकडे असं तोंडावर बोलत नाहीत. आता म्हणते... आत्या, तू होतीस म्हणून आईला सावली आहे आणि मला घर आहे.

तेरवीच्या दिवशी सगळे नातेवाईक बसले होते. गजानन म्हणाला, "मामी, अंगणातल्या चिचेच्या झाडाले मायच्या नावानं ओटा बांधतो म्हणतो. टाइल्सही पाहून ठेवल्या." आईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते आहे. मग ती म्हणाली, "बांध ना गा. फक्त एवढं ध्यानात ठेव... बाई वरून सब्बल घेऊन येतीन." गजानन आधी हसला, मग लहान पोरासारखा रडला. मग सगळेच. ओट्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. निघताना त्यानं आईला विचारलं, मायची काही वस्तू पायजे का? आईनं कोपऱ्यातली काठी मागून घेतली.

आईचे गुडघे अजून ठणठणीत आहेत, तिला काठीची गरज नाही. पण रोज संध्याकाळी तुळशीजवळ दिवा लावून झाला की ती काठी घेऊन आंब्याकडे जाते. मी स्वयंपाकघरात चहा टाकलेला असतो, बहुतेक पाणचटच. खिडकीतून पाचोळा सारल्याचा आवाज येतो, आणि मग आईचा. "पाय दिसू दे रे बाप्पा, पाय दिसू दे."