दवंडी वरच्या पाड्यापासून

मुरबाडच्या डोंगरातला गुणाजी हा तिथल्या तलाठ्याचा कोतवाल. नकाशात गावं मोजकीच, पण पाडे म्हणाल तर डोंगरभर उधळलेले; एक कड्याखाली, दुसरा ओढ्यापल्याड. तहसील कचेरीतून निरोप आला की गुणाजी आधी सगळ्यात वरच्या पाड्यावर चढायचा, मग दवंडी देत देत खाली. खालच्यांना कसंही कळतं. वरच्यांना कोण सांगणार? आता दारोदार चहा व्हायचा, आणि तो खाली पोचेस्तोवर कधीकधी ग्रामसभा उरकलेली असायची, ते सोडा.

बायको गेली, तसा मुलगा विनीत त्याला घोडबंदर रोडला घेऊन आला. उंच इमारत, सगळी दारं बंद. थोड्याच दिवसांत गुणाजी पार सुकला. "इथं मला कुत्रंसुद्धा ओळखत नाय," म्हणाला, "रविवारी गावी सोड."

विनीतचा चेहरा उतरला. डोंगरात एकटा म्हातारा, दुखलंखुपलं तर दवाखाना खाली कुठच्या कुठं. पण बापाच्या हट्टापुढं त्यानं रविवारी गाडी काढायचं कबूल केलं.

शुक्रवारी टाकी धुवायची म्हणून दुपारी पाणी बंद राहणार होतं. "सोसायटीच्या ग्रुपवर टाकलंय, पण वाचतंय कोण!" सून रुचिता म्हणाली.

झालं! गुणाजी लिफ्टनं थेट शेवटच्या मजल्यावर, आणि जिन्यात उभं राहून, "ऐका होऽऽ! दुपारपासून पाणी बंद, बादल्या भरून ठेवा होऽऽ!"

कुणी किंचाळलं, कुणी वॉचमनला फोन लावला. रुचिता धावत वर आली. "अहो बाबा, काय हे! बेल वाजवून सांगा ना, हळू."

"बरं पोरी." मग काय, बेल वाजवत उतरला. एका दारी चहा, दुसऱ्या दारी बेसनलाडू. तळमजल्याला आला तेव्हा नळाला पाणी परत आलेलं.

रविवारी विनीतनं पिशवी गाडीत ठेवली. गुणाजी म्हणाला, "न सांगता कसा जाऊ? वरपासून सांगून येतो."

ऊन डोक्यावर आलं तरी पत्ता नाही. शेवटी विनीतनं फोन लावला. "बाबा, कुठं राहिलात?"

"अकराव्या पाड्यावर. रंभाबाईंकडं. जेवल्याशिवाय सोडत नायत."

"मग निघायचं कधी? आणखी दहा मजले राहिलेत!"

पलीकडं ताटवाट्या वाजत होत्या.

"तू असं कर," गुणाजी म्हणाला, "पिशवी घरात नेऊन ठेव. आन् रुचिताला सांग, रात्री माझा भात थोडाच लाव."