नागपूरचा कूलर मुलुंडात

"यांच्याकडे एसी आलाय म्हणे!" जिन्यात कुणीतरी कुजबुजलं आणि बाबांनी मुद्दाम दार सताड उघडलं.

एसी नव्हता. नागपूरच्या मामाचा बघून बाबांनी मागवलेला कूलर होता. आकार कपाटाचा, आवाज पिठाच्या गिरणीचा. "एसी घेतला तर बिल भरता भरता वाट लागेल. हा पंख्याएवढीच वीज खातो!" बाबांनी तीन मजल्यांना ऐकवलं.

माहितीपुस्तिका इंग्रजीत, म्हणून ती माझ्याकडे आली. (इंग्रजी शाळेत शिकलेली मी एकटीच. बोलायची वेळ आली की दोन्ही भाषा विसरणारीही मीच!) पहिल्याच पानावर स्पष्ट लिहिलं होतं: हा कोरड्या हवेसाठी आहे, समुद्राकाठच्या दमट हवेत उपयोग नाही. आणि खिडक्या उघड्या ठेवा.

"काय म्हणतेय पुस्तिका?" खिडक्या घट्ट लावत बाबांनी विचारलं.

"चांगली आहे," मी म्हणाले. कागद खरंच चांगला होता.

पहिल्या दिवशी काडेपेटी पेटेना. दुसऱ्या दिवशी आईने घरात वाळत घातलेले पापड रुमालासारखे दुमडायला लागले.

"अहो, हे बघा काय झालं!"

"गारव्याने होतं गं तसं!"

तिसऱ्या दिवशी रविवार. बाबांनी अख्ख्या मजल्याला गारवा घ्यायला बोलावलं! बंद खोलीत अकरा माणसं. शेजारच्या सावंतकाकांच्या चष्म्यावर धुकं, सदरा पाठीला चिकटलेला.

"झकास! माथेरानच की हो!" कपाळ पुसत ते म्हणाले.

"मला तर शाल घ्यावीशी वाटतेय," काकूंनी पदराने वारा घेत साथ दिली.

"मग ठरलं!" बाबांनी छाती फुगवली. "मेहुण्याला आजच तार करतो. आणखी चार कूलर! जबाबदारी माझी."

चार घरांची वाट लागणार, आणि बाबांना जन्मभर त्याच चार घरांशेजारी राहायचं होतं! मी उठून उभी राहिले.

"तार नका करू. हा मुंबईत चालत नाही. पुस्तिकेत तसंच लिहिलंय."

बाबा कूलरकडे बघत होते, कूलर बाबांकडे.

सावंतकाकांनी चष्मा काढला. "मग तीन दिवस गप्प का बसलीस गं, पोरी?"

घामाने निथळणारी बाकीची दहा तोंडं माझ्याकडे वळली. मी खरं होतं तेच सांगून टाकलं.

"मला वाटलं, एकट्या मलाच उकडतंय!"